राखण

फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत आमच्याकडची गावं रिकामी होऊ लागतात. शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर, केज... बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, सरपण, एखादी शेळी, आणि त्या सगळ्याच्या वर माणसं. ऊसतोडीची टोळी निघाली की वस्तीवर म्हातारे, कुत्री आणि थोडी मुलं उरतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे होळी-पाडव्यापर्यंत असंच. बीड जिल्ह्यात बालसंरक्षणाचं काम करायला लागून मला २२ वर्षं झाली. माझं वर्ष या ट्रकांबरोबरच सुरू होतं.

पहिल्याच हंगामात मी एका टोळीच्या मागे पश्चिम महाराष्ट्रात गेले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. फडाच्या बांधावर टायरची बैलगाडी उभी होती आणि तिच्या चाकाला एक दीड वर्षाचं लेकरू बांधलेलं होतं. जुन्या लुगड्याची चिंधी, एक टोक चाकाला, दुसरं त्याच्या घोट्याला. शेजारी जर्मनची वाटी, तिच्यात भाकरीचा तुकडा. लेकरू रडत नव्हतं. दोरी पुरेल तेवढ्या मातीत ते हातांनी रेघा ओढत होतं. समाजकार्याची पदवी घेऊन मला सहा महिने झाले होते. मी वहीत लिहिलं : ‘गंभीर दुर्लक्ष. क्रौर्य.’

दुपारी त्याची आई मोळी टाकून आली. तिने आधी चिंधी सोडली, घोटा चोळला, लेकराला छातीशी घेतलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, असं का बांधता? ती म्हणाली, “सोडलं तर फडात जातंय, ताई. तिथं कोयता हाय, साप हाय, टॅक्टर मागं येतोय. घरी ठिवावं तर सासू वारली. सांगा, कुठं ठिवू?”

वहीतली ती नोंद मी खोडली नाही. अजून आहे, आणि कामावर नव्याने आलेल्या मुलींना मी ती दाखवते. त्या चिंधीची गाठ कशी होती हे नोंद लिहिताना मी बघितलंच नव्हतं. ती घोट्याला काचू नये म्हणून आतून मऊ कापडाची घडी लावलेली होती.

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, जोडीला लाखभर रुपये किंवा त्याहूनही जास्त, आणि ती हंगामभर राबून फेडायची असते. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात. लेकराला ताप आला म्हणून आई कोपीवर, तिथल्या झोपडीत, थांबली तर तोही खाडाच. पहाटे चारला उठून स्वयंपाक, दिवसभर तोडणी, मोळ्या वाहणं, रात्री अवेळी गाडी भरणं. असं पाच-सहा महिने जगणाऱ्या बाईच्या हातून लेकराला एखादी चापट बसली की लगेच तिला ‘मुलं कशी सांभाळावीत’ यावर व्याख्यान द्यायला आमच्यासारखे लोक जातात. मीही दिली आहेत ती व्याख्यानं. त्यांनी एकाही मुलाचा मार कमी झाल्याचं मला आठवत नाही.

मुलांना घरात मार बसतो हे काही ऊसतोडीचं वैशिष्ट्य नव्हे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मार सोसला होता आणि कुटुंबात मारणाऱ्यांत सर्वाधिक होते ते आईवडीलच. हे वाचून कुणाला वाटेल, मग अशा घरातून मूल बाहेरच काढावं. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. मी आणलेल्या एका आठ वर्षांच्या मुलाला आम्ही शंभर किलोमीटरवरच्या बालगृहात ठेवलं. तिथे त्याला दोन वेळचं जेवण होतं, गणवेश होता, मार नव्हता. दर रविवारी तो फाटकापाशी बसायचा. मे महिन्यात आई भेटायला आली तेव्हा तो तिच्याशी बोलला नाही. २०१५ चा बालन्याय कायदा आता स्पष्टच सांगतो की मुलाची पहिली जागा कुटुंब, संस्था हा शेवटचा पर्याय. त्या मुलाच्या वेळी मला हे कुणी सांगितलं असतं तर मी निदान आधी त्याच्या मावशीचं घर शोधलं असतं.

खरं तर हे आपल्याकडे फार आधी कुणाला तरी कळलं होतं. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेच्या पोटी आलेलं मूल मारलं जाऊ नये यासाठी त्या दोघांनी त्या बाईलाच आधी जागा दिली, गुपचूप आणि सुरक्षित बाळंत होण्याची. तिला दोष देणारे गावभर होते. तिचं ओझं उचलणारं हे एकच दार होतं. तिथल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं. तो पुढे डॉक्टर झाला. बाळ वाचवायचं तर आईला हात द्यायचा, ही जी त्यांची रीत आहे तिच्यावरच माझा आता विश्वास आहे.

तर आम्ही काय करतो ते सांगते. दसऱ्याच्या आसपास गावात शाळेच्या ओट्यावर बसायचं. मुख्याध्यापक, अंगणवाडीताई, आशाताई, पोलीस पाटील, बचत गटातल्या बाया. कागदावर हीच गावाची बालसंरक्षण समिती, सरपंच तिचे अध्यक्ष, आणि तिच्यात गावातली दोन मुलंही सदस्य असतात. पुष्कळ गावांत ती कागदावरच राहते. जिथे ती जिवंत आहे तिथे एक वही असते. कोणतं लेकरू मागे राहणार, कुणाकडे राहणार, आईबाप कोणत्या कारखान्याला, मुकादमाचा फोन कोणता. लेकराला काही आजार आहे का. रात्री ते कुठे झोपतं, आणि त्या घरात आणखी कोण झोपतं. हा शेवटचा रकाना आम्ही चार वर्षांच्या अनुभवानंतर घातला आणि तो भरताना मी स्वतः बसते.

हंगामी वसतिगृह हा शब्द ऐकून शहरातल्या लोकांच्या डोळ्यांसमोर इमारत येते. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी तशी इमारत नसते. मुलं झोपतात आजीच्या नाहीतर चुलत्याच्या घरी आणि सकाळ-संध्याकाळ जेवायला शाळेत येतात. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. साधी गोष्ट आहे, पण या दोन जेवणांमुळे किती मुलं फडावर जाण्यापासून थांबली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अनुदान वेळेवर आलं नाही की गावातला किराणा दुकानदार उधारीवर तेल-डाळ देतो, हेही पाहिलं आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने ४१ तालुक्यांत मिळून ८२ संत भगवानबाबा वसतिगृहं मंजूर केली. ती हवीतच, विशेषतः मोठ्या मुलींसाठी. पण पहिलीतलं लेकरू तालुक्याच्या गावी पाठवण्यापेक्षा त्याच्या वस्तीवरच्या आजीला बळ देणं मला जास्त बरं वाटतं.

आणि आजीला बळ लागतंच. एका गावी नऊ वर्षांच्या मुलाच्या मांडीवर उलथन्याचा चटका होता. तो शाळेत बसताना एका कुशीवर बसायचा, म्हणून बाईंच्या लक्षात आलं. मी गेले तेव्हा आजी दारातच उभी होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, “म्याच दिला. घेऊन जा मला कुठं न्यायचं तिथं.” पोरगा रात्री अंथरूण ओलं करायचा. घरात नातवंडं पाच, गोधड्या तीन, पाणी हापशावरून आणायचं आणि आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोज धुवायची गोधडी तिला दिसायचीही नाही, नुसती वासावरून कळायची.

चटका हा गुन्हा आहे आणि तो लपवायचा नसतो. प्रकरण जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे नेलं. समितीने अहवाल मागवला, मुलाशी वेगळं बोलली आणि त्याला देखरेखीखाली कुटुंबातच ठेवायचं ठरवलं. आता देखरेख म्हणजे काय? महिन्यातून एकदा मी जाऊन डोकावणं ही देखरेख नव्हे. खरी देखरेख शेजारच्या बायांनी केली. पाचांतली दोन नातवंडं आत्याकडे गेली. बचत गटातल्या दोघींनी आळीपाळीने पाण्याचे हंडे धरले. आशाताईने आजीला जिल्हा रुग्णालयात नेऊन एका डोळ्याची शस्त्रक्रिया करून आणली. मुलाला डॉक्टरांकडे नेलं, फोनवरून रोज संध्याकाळी आठला आईचा आवाज ऐकवायचं ठरलं. मुकादमालाही त्यात घेतलं, कारण फोन त्याच्याकडे होता. दोन महिन्यांत अंथरूण कोरडं राहायला लागलं. आजी अजून शिव्या देते. हात उचलत नाही.

सगळीकडे असं घडत नाही आणि तेही सांगायलाच हवं. गाव जसं राखतं तसं झाकतंही. एका ठिकाणी पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न आम्हाला चार दिवसांनी कळलं, आणि गावाच्या बालसंरक्षण समितीतले निम्मे सदस्य त्या पंगतीत जेवून आले होते. २००६ चा बालविवाहबंदीचा कायदा सगळ्यांना तोंडपाठ, ग्रामसेवक हाच गावपातळीवरचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी हेही ठाऊक. तरीही. लेक वयात आली, फडावर नेणं सुरक्षित नाही, मागे ठेवणंही नाही. शिवाय लग्न झालं की जोडी होते, म्हणजे एक कोयता होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यात अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणींचं प्रमाण २१.९ टक्के आलं. बीडमध्ये ते ४० टक्क्यांच्या वर होतं. पंगतीवर राग मलाही येतो. पण त्या मुलीला सहा महिने राहायला कुलूप असलेली खोली गावात असती तर तिच्या बापाने काय केलं असतं, हा प्रश्न मला रागापेक्षा जास्त छळतो.

एका बाबतीत मात्र गावाचं ऐकायचं नाही. लैंगिक अत्याचार ‘आपसात मिटवू’ म्हणणारा माणूस कितीही मोठा असो, त्याच्यासमोर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ फिरवायचा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं आहे, आणि त्यात बैठक, माफी, पैसे यांना जागा नाही.

पैशाचंही थोडं. बालसंगोपन योजनेतून एकल पालकाच्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. कधीकाळी ते ४२५ होते. नवरा गेलेल्या एका बाईने दोन मुलांच्या त्या साडेचार हजारांवर आणि रोजगार हमीच्या कामावर एक हंगाम गावात काढला. अर्धा कोयता म्हणून ती सहा वर्षं जात होती. तो अर्ज पुरा व्हायला मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं खातं असं करत अकरा महिने लागले. या एका अर्जामागे धावण्यात माझे जितके दिवस गेले तितके कोणत्याही प्रबोधन शिबिरात सार्थकी लागलेले नाहीत.

आणि चाकाला बांधलेली ती दोरी? दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये बांधकामावर तंबू टाकून मजुरांच्या मुलांसाठी मोबाईल क्रेशेस सुरू केलं. बांधकामावर जे जमतं ते फडावर का नाही, असं मी प्रत्येक मुकादमाला विचारत आले. फड रोज बदलतो, सावली नसते, कोण थांबणार, तिचे पैसे कोण देणार, ही उत्तरं ठरलेली. गेल्या हंगामात एका टोळीने ऐकलं. बारा कोयते होते, तीन वर्षांच्या आतली सात लेकरं. टोळीतल्या एका बाईची कंबर गेलेली, मोळी उचलवत नव्हती. तिने तोडायचं नाही, लेकरं बघायची, आणि प्रत्येक कोयत्याने रोजचे वीस रुपये द्यायचे असं ठरलं. ज्यांना लेकरू नव्हतं त्या जोड्यांनी आधी कुरकुर केली. मग त्यांनीही दिले. बाभळीला ताडपत्री बांधली, चार झोळ्या टांगल्या, एक पाण्याची घागर.

मी फेब्रुवारीत गेले तेव्हा मुकादम हिशेबाची वही घेऊन बसला होता. नावापुढे कोयता, अर्धा कोयता असं लिहिलेलं. या बाईच्या नावापुढची जागा त्याने मोकळी सोडली होती. मला म्हणाला, “ताई, हिच्यापुढं काय लिहू? कोयता तर नाय.” ती मांडीवरच्या लेकराला थोपटत होती. तिनेच सांगितलं, “राखण लिव्ह.” त्याने लिहिलं आणि पुढच्या रकान्यात तिचे दिवस मोजायला लागला.