दंडावरचे व्रण

बसवनगुडी, बेंगळूर
ज्येष्ठ शुद्ध १०, शके १९४३
(२० जून २०२१)

ती. गं. भा. ताईस,


परवा दूरध्वनीवर 'लस तेवढी नको रे, बाकी काय ते बोल' असे म्हणून तू विषय तोडलास आणि मीही गप्प बसलो. परंतु ज्या गोष्टीने गेले तीन महिने माझ्या मनाला स्वस्थता नाही, ती तुझ्यापाशी बोलावयाची नाही तर कोणापाशी, असे वाटून आज लिहावयास बसलो आहे. गेल्या सोमवारपासून येथील निर्बंध काहीसे सैल झाले आहेत. गांधीबाजारात फुलांच्या टोपल्या पुन्हा दिसू लागल्या आहेत.

शेजारच्या वाड्यातील गृहस्थ लस घेतल्यावर आठव्या दिवशी गेले, हे तुझे सांगणे मी खोटे मानीत नाही. मात्र गावात कोरोनाची साथ ऐन भरात असताना टोचून घेतलेल्या मनुष्याला, लशीचा गुण अंगी येण्यापूर्वीच, रोग गाठू शकतो, कारण शरीराची प्रतिकारशक्ती सिद्ध होण्यास दोन-तीन आठवडे तरी जावे लागतात; आणि त्या आठ दिवसांत त्यांना ताप कधी भरला, तपासणी झाली की नाही, हे तर तुलाही ठाऊक नव्हते.

पण तुला शहाणपण सांगण्याचा अधिकार मला कोठून असणार? साठीच्या पुढच्यांना १ मार्चपासून लस मिळू लागली, तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाशी असलेल्या आरोग्य केंद्रात शुकशुकाट असे. एका कुपीत दहा मात्रा, आणि कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावयाची, म्हणून तेथील परिचारिका दहा माणसे जमेपर्यंत कुपीला हात लावीत नसे. ती दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलावी. एके दिवशी तिने मलाही हाक मारली. आठ जण जमले होते, आम्ही नवराबायको गेलो असतो तर दहा भरले असते. परंतु युरोपातील काही देशांनी रक्ताच्या गुठळ्यांच्या शंकेवरून तीच लस तात्पुरती थांबविल्याचे वृत्त त्याच सुमारास वाचनात आले होते, आणि 'युगादी होऊ द्या, मग पाहू' असे तिला सांगून मी घरी परतलो. युगादी १३ एप्रिलला झाली. त्यानंतरच्या आठवड्यात तुझ्या वहिनीला ताप भरला, पाचव्या दिवशी प्राणवायूचे मान नव्वदीच्या खाली उतरले, आणि खाटेसाठी दोन रात्री मी ज्याला त्याला विनवण्या करीत होतो. ती वाचली, ही परमेश्वराची कृपा. पण अजून भिंतीला हात लावल्यावाचून तिला न्हाणीघरापर्यंत जाववत नाही. मे महिन्यात त्याच केंद्राच्या दारी पहाटे चार वाजता चिठ्ठी मिळविण्यासाठी माणसांची रांग लागलेली मी पाहिली आहे, आणि त्या रांगेत मीही होतो.

आमच्याकडे धुणेभांडी करणारी बाई लशीचे नाव काढू देत नसे. येथल्या कन्नडात लशीला 'लसिके' म्हणतात, आपलाच शब्द. तो ऐकला की ती मान फिरवी. ही अंधश्रद्धा आहे, असे समजून मी तिला पुष्कळ शास्त्र ऐकविले. एके दिवशी भांडी विसळता विसळता ती म्हणाली, टोचल्यावर दोन दिवस ताप येतो, दोन दिवस चार घरची कामे बुडतात, चारही घरांचा पगार कापला जातो, तो कोण भरून देणार? इतके दिवस मी तिच्या अज्ञानाशी वाद घालीत होतो, आणि प्रश्न दोन दिवसांच्या मजुरीचा होता! पगार कापला जाणार नाही, असे चारही घरांतून वदवून घेतल्यावर तिसऱ्याच दिवशी ती नणंदेला बरोबर घेऊन टोचून आली.

ताई, लोक लशीला भितात त्याहून अधिक ते लस देणाऱ्या हाताला भितात, असे मला वाटू लागले आहे. १८९७ साली पुण्यात ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, कहर झाला, तेव्हा प्लेग अधिकारी रँडच्या अंमलाखाली गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेत, आणि लोक आपले रोगी लपवून ठेवीत. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मात्र रोग्यांची शुश्रूषा करता करता मार्चमध्ये स्वतःच गेल्या. हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध केली, ती १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीपायी धनुर्वात होऊन १९ माणसे दगावली, आणि त्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांची निर्दोषता मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. तेव्हा लशीत कधीच अपघात होत नाहीत, असे मी तुला सांगणार नाही. झालेला अपघात सरकारने दडपू नये, त्याची चौकशी उजेडात करावी, ही माझीही मागणी आहे.

मी राहतो ती बसवनगुडी देखील त्या साथीशी बांधलेली आहे. ऑगस्ट १८९८ मध्ये हुबळीकडून रेल्वेने प्लेग येथे आला, जुन्या पेठेतली दाट वस्ती बाहेर पडू लागली, आणि मल्लेश्वर व बसवनगुडी या नव्या वसाहती त्या भयाने वेगाने भरल्या. या शहरात प्लेग-मारम्मेची देवळेही आहेत. माणसे देवीलाही शरण गेली आणि मोकळ्या हवेतही गेली.

त्याहूनही जुनी एक गोष्ट म्हैसूरची आहे. १८०५ च्या सुमारास टॉमस हिकी या चित्रकाराने राजघराण्यातील तीन स्त्रियांचे तैलचित्र काढले. नायजेल चॅन्सलर या इतिहासकाराने त्याचा लावलेला अर्थ असा की, बालराजे तिसरे कृष्णराज वडियार यांच्या दोन्ही राण्या त्यात आहेत. एकीच्या नाकाखालचा डागाळलेला वर्ण जुन्या पद्धतीने देवी काढल्याची खूण दाखवितो, आणि दुसरी, देवाजम्मणी, पदर किंचित सारून डाव्या दंडावर नवी लस टोचून घेतल्याची जागा दाखविते आहे. दंडातून दंडात जाणारी ती गोस्तनाची लस विटाळ करील, अशी धास्ती त्या काळी घराघरांत होती. पडद्यात वाढलेल्या कोवळ्या राणीने परक्या चित्रकारासमोर आपला दंड उघडा करावा, याचा विचार करताना मला दर वेळी गहिवरून येते.

आणि तुझा दंड? देवी डॉक्टर वाईच्या वाड्यात आले, तेव्हा मी पाच वर्षांचा आणि तू नऊची. तू माजघरातल्या रिकाम्या कणगीत जाऊन बसलीस आणि आईने किती हाका मारल्या तरी ओ दिली नाहीस. अण्णांनी तुला ओढून काढले नाही. ते कणगीपाशी मांडी घालून बसले, सदऱ्याची बाही वर केली आणि डॉक्टरांना म्हणाले, 'आधी मला टोचा, तिला बघू द्या.' ती दातेरी चकती कातडीवर टेकवून डॉक्टरांनी फिरविली, अण्णांनी पापणी हलविली नाही, आणि मग कणगीच्या काठावरून तुझे तेल चोपडलेले डोके हळूच वर आले. तो रुपयाएवढा वाटोळा व्रण तुझ्या दंडावर आजही आहे. १९७५ नंतर या देशात देवीचा एकही रोगी आढळला नाही. तुझ्या नातवंडांच्या दंडावर तसा व्रण नाही, कारण त्यांना त्याची गरजच उरली नाही.

माझी पहिली मात्रा २० मे रोजी झाली. रात्री थंडी वाजून ताप आला, दंड दोन दिवस दुखला, तिसऱ्या दिवशी मी लालबागेपर्यंत पायी जाऊन आलो. तुझ्या वहिनीला डॉक्टरांनी बरे झाल्यावर तीन महिने थांबावयास सांगितले आहे; ती दिवस मोजते आहे. तू होकार दिलास तर भाचा मंगळवारी सकाळी गाडी घेऊन येईल. त्याला मी कळवून ठेवले आहे, पण तुझ्या शब्दावाचून तो दारी येणार नाही, एवढे वचन मी त्याच्याकडून घेतले आहे. तुझा रक्तदाबाचा कागद आणि चालू गोळ्यांची यादी जवळ ठेव आणि तेथील डॉक्टरांना आधी दाखव.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : जाताना सैल बाहीचे पोलके घाल. घट्ट बाही वर सरत नाही, आणि तेथे गर्दीत अवघडल्यासारखे होते.