खालच्या गटाची जागा कोणाची?

‘पात्रता’ हा शब्द आपल्या लोकांच्या पाठीमागे जन्मापासून लागलेला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, घरकुलाचा असो की नोकरीचा, आधी पात्रता सिद्ध करा आणि मग पुढचे बोला. आम्ही कारकुनी करतो. दिवसभर अशा अर्जांच्या चळती आमच्या टेबलावरून जातात. त्यातून आम्हाला एक गोष्ट कळली आहे. पात्रतेचा नियम म्हणजे दारावर उभा केलेला राखणदार. तो कोणाला अडवतो आणि कोणासाठी वाट मोकळी ठेवतो, यावरून नियम करणाऱ्याचे मन ओळखावे.

हा विचार आज मांडण्याचे निमित्त आहे आयर्लंडमधला एक खेळ. आमच्या थोरल्या बंधूंची मुलगी तिकडे इस्पितळात नर्स आहे. तिचा मुलगा तिथल्या गावच्या क्लबात गेलिक फुटबॉल खेळतो. त्याचे नाव घालताना दोनच गोष्टी विचारल्या, राहता कुठे आणि मुलाचे वय काय. “काका, आडनावावरून पुढचा प्रश्न कोणी विचारलाच नाही,” असे ती फोनवर म्हणाली. या एका वाक्याने आम्हाला त्या खेळाचे नियम समजून घेण्याचा नाद लागला.

गेलिक फुटबॉल हा आपल्याकडच्या फुटबॉलहून वेगळा. एका बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू हातानेही घेता येतो आणि पायानेही मारता येतो. जाळ्यात गेला तर तीन गुण, आडव्या दांडीवरून गेला तरीही गुण. हा खेळ चालवणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावी स्थापन झाली. त्या वेळी आयर्लंडवर इंग्रजांचे राज्य होते. आपले खेळ जगले तर आपला माणूस ताठ उभा राहील, ही त्यामागची भावना. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर आज ब्याऐंशी हजार माणसे बसतात. पण त्यांच्यासमोर खेळणाऱ्या खेळाडूला पगार नाही. तो शिक्षक असतो, शेतकरी असतो, सुतार असतो. रविवारी सामना खेळून सोमवारी तो कामावर जातो.

या संघटनेचा पाया म्हणजे गावचा क्लब. एका चर्चच्या हद्दीतील वस्तीला ते पॅरिश म्हणतात. साधारणपणे ज्या पॅरिशमध्ये तुम्ही वाढलात त्याच क्लबाकडून खेळायचे. पैसे दिले म्हणून किंवा शेजारचा संघ बलवान आहे म्हणून उडी मारता येत नाही. क्लब बदलायचा तर रीतसर अर्ज आणि कारण लागते. क्लबांतून निवडून काउंटीचा, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचा संघ होतो. अशा बत्तीस काउंट्या आहेत.

हे वाचून आम्हाला कौतुक वाटले, पण मनात एक कळही उठली. गावासाठी खेळायचे ही गोष्ट छान, परंतु आपल्या बापजाद्यांना कोणत्या गावाने आपल्या संघात घेतले होते? गाव वेशीच्या आत आणि आपण वेशीबाहेर. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचे डबके म्हटले. त्याचा पुष्कळांना राग आला. पण ज्याला गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते त्याला गावाच्या अभिमानाचे गाणे कसे गाता येईल? जागेवरून ठरणारी पात्रता तेव्हाच न्यायाची, जेव्हा ती जागा तिथे राहणाऱ्या प्रत्येकाची असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. तिकडे मोठ्यांच्या खेळाचे तीन दर्जे आहेत, सीनियर, इंटरमीजिएट आणि ज्युनियर. ‘ज्युनियर’ म्हटले की आपल्याला लहान मुले आठवतात. तसे नाही. मुलांची स्पर्धा वेगळी, तिला ‘मायनर’ म्हणतात. ज्युनियर म्हणजे खेळाच्या ताकदीने खालचा गट. तिथे तीस वर्षांचा बापयाही असू शकतो. काउंटीच्या ज्युनियर संघांची अखिल आयर्लंड स्पर्धा १९१२ साली सुरू झाली. तिचा हेतू उघड होता. जो पहिल्या पंधरांत बसत नाही त्यालाही आपल्या काउंटीचा सदरा अंगात घालून मैदानात उतरता यावे.

पण खालच्या गटात कप ठेवला की वरच्याचाही डोळा त्याच्यावर जातो. म्हणून पात्रतेचा नियम लागतो. काउंटीच्या सीनियर संघातून अजिंक्यपद स्पर्धा खेळणाऱ्याने ज्युनियर संघात उतरायचे नाही. मातब्बर काउंट्यांवर आणखी एक बंधन आले. त्यांनी सीनियर दर्जाच्या क्लबातले खेळाडूही ज्युनियर संघात घ्यायचे नाहीत. खालच्या दर्जाच्या क्लबांतूनच संघ उभा करायचा.

तरीही काय झाले पाहा. केरी ही फुटबॉलमधली सर्वांत बलाढ्य काउंटी. सीनियर गटाचे तिचे एकोणचाळिसावे विजेतेपद २०२५ मध्ये झाले. तिथे खेळ इतका मुरलेला की खालच्या दर्जाच्या क्लबांतही पट्टीचे खेळाडू सापडतात. २०१५ ते २०१९ अशी सलग पाच वर्षे ज्युनियरचा कपही केरीनेच नेला. त्यांनी नियम मोडला नव्हता. पण ज्यांच्यासाठी कप होता त्यांच्या हाती तो पडत नव्हता, हेही खरे.

मग २०२२ मध्ये या स्पर्धेची मांडणीच बदलली. मोठ्या फुटबॉल काउंट्या बाहेर राहिल्या. परदेशी स्थायिक झालेल्या आयरिश लोकांचे संघ आणि किल्केनी काउंटी यांच्यासाठी स्पर्धा ठेवली गेली. किल्केनी हे मोठे विलक्षण प्रकरण आहे. हर्लिंग या काठीने खेळायच्या खेळात तिच्या नावावर छत्तीस विजेतेपदे आहेत, सगळ्या काउंट्यांत जास्त. फुटबॉलमध्ये मात्र ती अगदी मागे. त्या वर्षी क्रोक पार्कवर न्यूयॉर्कच्या संघाला हरवून किल्केनीने ज्युनियरचा कप उचलला. हर्लिंगमध्ये तुम्ही राजे आहात, फुटबॉलमध्ये तुम्हाला कशाला सवलत, असे म्हणून त्यांना दारातून परत पाठवले नाही. ज्या बाबतीत माणूस मागे राहिला त्याच बाबतीत त्याला हात द्यायचा, हे त्यामागचे तत्त्व.

आणखी एक उदाहरण आम्हाला फार आवडले. डेव्हिड क्लिफर्ड हा केरीचा खेळाडू २०२२ साली आयर्लंडचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. त्याला काउंटीच्या ज्युनियर संघाचे दार बंद, कारण तो काउंटीचा सीनियर खेळाडू. पण त्याचा गावचा क्लब, फोसा, त्या वेळी ज्युनियर दर्जाचा होता. क्लबाचा दर्जा संपूर्ण क्लबाला लागतो, त्यामुळे गावाकडून खेळायला त्याला आडकाठी नव्हती. हा एवढा नावाजलेला गडी मोठ्या क्लबाकडे न जाता आपल्या गावच्या पोरांबरोबर खेळला आणि जानेवारी २०२३ मध्ये फोसाने क्लबांचा अखिल आयर्लंड ज्युनियर कप जिंकला. दुबळ्याची जागा बळकावू नकोस, पण दुबळ्या घराची साथही सोडू नकोस, या दोन्ही गोष्टी त्या नियमांत एकाच वेळी सांगितल्या आहेत.

याचा अर्थ ती संघटना धुतल्या तांदळासारखी होती असे नाही. पात्रतेच्या नावाखाली तिने माणसे तोडलीही. सॉकर, रग्बी, क्रिकेट असे ‘परकीय’ खेळ खेळणाऱ्याला किंवा नुसते पाहणाऱ्यालाही तिने बंदी केली होती. पाहणाऱ्यांवर नजर ठेवायला माणसे नेमलेली असत. १९३८ साली आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड सॉकरचा एक आंतरराष्ट्रीय सामना पाहायला गेले, तर संघटनेने त्यांचे आश्रयदातेपद काढून घेतले. हाइड यांनी आयुष्य आयरिश भाषेसाठी वेचले होते, ते कोणी पाहिले नाही. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. उत्तर आयर्लंडमधील पोलीस आणि ब्रिटिश सैनिक यांना सभासद न करण्याचा नियम तर २००१ मध्ये उठला. त्यामागे जखमा होत्या. २१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कवर सामना चालू असताना इंग्रजांच्या दलांनी गोळीबार करून चौदा माणसे मारली. त्यात टिपररीचा खेळाडू मायकेल होगन मैदानातच पडला. जखम खरी होती. पण जखमेचा नियम केला की तो पुढच्या निरपराध पिढीलाही अडवतो, हे ओळखून त्यांनी तो बदलला.

अशी दारे आपल्याला नवीन नाहीत. मुंबईच्या जुन्या क्रिकेट सामन्यांत संघच धर्मावर होते. हिंदूंच्या संघातला पालवणकर बाळू हा चांभार समाजातला गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. बळी घ्यायला तो पात्र होता, कर्णधार व्हायला मात्र कधीच पात्र ठरला नाही. त्याचा भाऊ विठ्ठल याला ते पद मिळाले, तेही १९२३ साली, मोठा झगडा झाल्यावर.

म्हणून आम्ही असे म्हणतो की पात्रतेचे नियम दोन जातींचे असतात. एक खालच्याला अडवतो आणि दुसरा वरच्याला. चातुर्वर्ण्याने केला तो पहिला. ज्युनियर कपाचा आहे तो दुसरा. आपल्या घटनेने केला तोही दुसरा. आयर्लंडशी आपले नाते इथेच जुळते. त्यांची घटना १९३७ ची. आपल्या घटनेतल्या मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना तिच्यावरूनच घेतली. त्यांच्या पंचेचाळिसाव्या कलमात समाजातील दुर्बल घटकांच्या आर्थिक हिताची विशेष काळजी घेण्याची हमी आहे. आपल्या शेहेचाळिसाव्या कलमात दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींच्या, शिक्षणाची आणि आर्थिक हिताची तशीच काळजी घ्यायला राज्याला सांगितले आहे.

इथे कोणी हुशारी करून म्हणेल, मग केरीसारखे तुमच्यातले सुधारलेले लोकही राखीव जागेतून बाहेर काढा. त्याला आमचे उत्तर साफ आहे. ज्युनियर खेळाडू चांगला खेळला की सीनियर होतो आणि त्याच्या अंगावर ज्युनियरचा शिक्का राहत नाही. आपला माणूस साहेब झाला तरी त्याला भाड्याची खोली देताना आडनाव विचारले जाते. शिक्का जात नाही तोवर खेळाचा दाखला जातीला तसाच्या तसा लागू करता येत नाही. मात्र जो त्या जमातीचा नाहीच आणि खोटा दाखला काढून जागा बळकावतो, तो सीनियर असून ज्युनियरमध्ये घुसलेलाच समजावा. जात पडताळणीसाठी २००० सालचा कायदा करावा लागला तो अशाच लोकांमुळे.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपले अंगणही पाहू. आमच्या भागात भीमजयंतीनिमित्त कबड्डीचे सामने होतात. बी.कॉम. झालेला माणूस म्हणून नोंदणीची वही आमच्याकडे असते. ‘ब’ गट ठेवला आहे तो वस्तीतल्या मुलांसाठी. कोणी हमाली करून येतो, कोणी रात्रपाळी करून. मागे एका मंडळाने त्या गटात बाहेरचे, कंपनीच्या संघातून खेळणारे चार गडी पैसे देऊन उतरवले. ढाल मिळाली, फटाके वाजले. आणि त्याच मंडळाची वर्षभर सराव केलेली पोरे रेषेबाहेर टॉवेल सांभाळत बसली. त्यांतला एक मुलगा आम्हाला म्हणाला, “दादा, आम्ही आमच्याच जयंतीत बाहेरचे झालो.” त्याच्या आईने त्या दिवशी कामावर खाडा केला होता, पोराचा खेळ बघायला.

ही ढाल काय कामाची? बाबासाहेबांच्या नावाने भरवलेल्या सामन्यात वस्तीचे पोर रेषेबाहेर बसत असेल, तर आपण नवी वेस बांधतो आहोत.

आमची सर्व मंडळांना विनंती आहे. खेळाडूंची यादी महिनाभर आधी द्या. ‘ब’ गटात वस्तीत राहणाऱ्यालाच घ्या आणि वरच्या गटात खेळलेल्याला घेऊ नका. यादी विहाराच्या फळ्यावर लावा, म्हणजे आयाबहिणींनाही ती वाचता येईल आणि हरकत घेता येईल. नियम कडक वाटला तरी तो सर्वांना सारखा लावा. आणि आपल्यातला जो गडी मोठ्या संघात गेला आहे, त्याने ‘ब’ गटाच्या ढालीचा मोह सोडून संध्याकाळी तासभर या पोरांना पकड शिकवायला यावे. मैदान तेच आहे आणि पोरेही आपलीच आहेत.