पहिली बिडी कधी?

"दिवसाला किती बिड्या?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं: "आता कमीच केल्यात." सोबत बायको आली असेल तर आकडा आणखी खाली उतरतो. म्हणून मी आधी विचारतो, "सकाळी उठल्यावर पहिली कधी?" इथे लपवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही, त्यामुळे उत्तर सरळ येतं. "डोळे उघडले की. चूळ नंतर." रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, रात्रभराच्या झोपेनंतर शरीर ते मागूनच उठतं. व्यसन किती मुरलंय हे जोखणाऱ्या फागरस्ट्रॉम चाचणीतही, उठल्यावर पाच मिनिटांच्या आत पहिली पेटवणाऱ्याला त्या प्रश्नाचे सर्वाधिक, म्हणजे ३ गुण मिळतात.

दुसरा प्रश्न, "सोडली तर काय अडेल?" एक मामा बराच वेळ घुटमळले आणि बायको बाहेर गेल्यावर म्हणाले, "डॉक्टर, ती ओढल्याबिगर पोट साफ होत नाही." मी फुप्फुसाचं सांगायच्या तयारीत, आणि त्यांना काळजी उद्याच्या सकाळची! ही सबब नव्हे. निकोटिन आतड्याला खरंच चालना देतं, आणि बिडी सुटल्यावर पहिले काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि "हे तात्पुरतं आहे" हा शब्द, एवढं आधी दिलं की माणूस तारीख ठरवायला तयार होतो.

चहाचंही तसंच. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा झपाट्याने करतं. धूर थांबला की तोच चार कपांचा चहा अंगावर येतो. छातीत धडधड, झोप नाही. रोगी म्हणतो, "बिडी सोडली आणि आजारी पडलो." म्हणून सोडायच्या दिवसापासून चहा निम्म्यावर आणायला सांगतो. दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर त्याचाही डोस तपासावा लागतो, कारण तेही आता रक्तात जास्त साठतं.

निकोटिनचं च्युइंगम नुसतं लिहून दिलं तर बहुधा फुकट जातं. लोक ते कचाकचा चावतात, लाळ गिळतात, मग उचकी आणि जळजळ. मी समोर बसवून शिकवतो: सावकाश चावा, जीभ चुरचुरली की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये धरा, चुरचुर गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नाही, आंबट नाही. "म्हणजे तंबाखूचा बार धरल्यासारखं," असं रोगीच म्हणतो. बुप्रोपिऑन किंवा व्हॅरेनिक्लिन द्यायचं तर सोडायच्या तारखेआधी आठवडाभर तरी सुरू करतो. बुप्रोपिऑनआधी फिट येते का हे विचारल्याशिवाय पेन उचलत नाही.

सोलापुरात आणखी एक पेच आहे. इथे किती घरांत बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. "बिडी घराबाहेर काढा," हे त्या घरात सांगायचं कसं? घर त्यावर चालतं. मग ती वळायला बसते तेव्हा यांनी कुठे जायचं, संध्याकाळी कुणाबरोबर बसायचं, इतकं बारीक ठरवावं लागतं. तलफ काही मिनिटांत ओसरते; तेवढी मिनिटं काढायला जागा लागते.

भीती घालणं मी कमी केलंय. पाकिटावरचं भेसूर चित्र बघतच माणूस काडी ओढतो. साठीचा गृहस्थ "आता या वयात काय फरक पडणार?" म्हणाला, तर मी रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१पासून पन्नास वर्षं केलेला अभ्यास सांगतो. साठीत सोडणाऱ्यांना सरासरी ३ वर्षं जास्त मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६, चाळिशीत ९. तीन वर्षं म्हटल्यावर नातवाची दहावी कधी, हा हिशेब तो स्वतःच करतो.

या कामातलं माझं खरं शिक्षण १९७९च्या एका लंडनच्या अभ्यासाने केलं. ज्यांना जनरल प्रॅक्टिशनरने काहीच सांगितलं नाही त्यांच्यातले ०.३ टक्के वर्षभर सुटलेले राहिले. ज्यांना सल्ला, पत्रक आणि "पुन्हा विचारणार आहे" अशी ताकीद मिळाली, त्यांच्यातले ५.१ टक्के. शंभरात पाच म्हणजे थोडे वाटतात, पण खर्च दोन मिनिटांचा. माझ्या केसपेपरवर वजन आणि बीपीखाली बिडीची ओळ असते. तारखेला कुणी आलं नाही, तर बहुतेक लग्नात किंवा मयतीत कुणी पुढे केलेली पेटवलेली असते आणि तोंड दाखवायची लाज वाटत असते. फोनवर एवढंच सांगतो, "ओढली असली तरी या." आल्यावर "का ओढली?" नाही विचारत, कुठे, किती वाजता, कुणी दिली, ते विचारतो. पुढची योजना त्या उत्तरातच असते.

सुटलेल्यांनाही विचारणं थांबवत नाही. एक जण वैतागून म्हणाला, "सोडून वर्ष झालं डॉक्टर, आता तरी विचारू नका." मी लिहिलं, 'बिडी: नाही', आणि पुढची तारीख दिली.