चार विरुद्ध चार

मुंबईत फुटबॉल खेळायचा म्हणजे पहिला प्रश्न जागेचा! कूपरेज आपल्याला रोज कोण देणार? शिवाजी पार्कात एका मॅचचा फिल्डर दुसऱ्या मॅचच्या पिचवर उभा. मग गिरगावची वाडी, लालबागच्या चाळीचं आवार, नाहीतर आपल्या होस्टेलमागचा पट्टा. चार इकडे, चार तिकडे. सीनियर्स याला टाइमपास म्हणतात. मला ते पटत नाही.

इंजिनीअर आहोत, गणितच करू. १०५ बाय ६८ मीटरचं मैदान म्हणजे ७१४० चौरस मीटर. २२ जणांत वाटलं तर प्रत्येकी सुमारे ३२५. आपला पट्टा ३० बाय २० धरा, आठ जणांत प्रत्येकी ७५! बॉल एकच, पण वाटेकरी आठच. त्यामुळे पास, ड्रिबल, टॅकल सारखंच वाट्याला येतं. विचार करायला वेळ नाही, बॉल येण्याआधीच ठरवावं लागतं. आणि उभं राहून दम खायची सोय नाही. माणसं कमी केली की हृदयाचे ठोके वाढतात, हे अभ्यासांतही दिसलंय. परळ-लालबागकरांना हे सांगायला नको. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, खेळाडू १४, तरी घाम बघा!

पण एक गोष्ट इथे मिळत नाही, ती म्हणजे लांब स्प्रिंट. पूर्ण वेग पकडेपर्यंत पट्टा संपतो. सुटा, थांबा, वळा यातच मांड्या आणि गुडघे भरून येतात. नुसत्या याच प्रॅक्टिसवर मोठ्या मैदानात उतरलं तर विंगवरच्या पोराचे पाय बोलायला लागणारच. म्हणून मोठ्या मैदानावरची लांब धाव हळूहळू वाढवत वेगळी करायलाच हवी.

तरीही मी चार-चारच्याच बाजूने. आमच्या विंगमधला एक फर्स्ट इयरवाला, गावी फक्त कबड्डी खेळलेला. अकराच्या टीममध्ये त्याला मागे उभं करायचे. अर्धा तास बॉल नाही, बोलणंही नाही. पोरगं रविवारी रूमवरच बसायला लागलं. चार-चारमध्ये त्याला लपवणार कुठे? आठवड्याभरात सगळे त्याला नावाने हाका मारायला लागले. बॉल मिळाला की माणूस टीमचा होतो राव!

तेव्हा रेक्टर सर, एक विनंती. संध्याकाळी पट्टा सहा ते आठ उघडा ठेवा. टीम आम्ही पाडतो, चिठ्ठ्या टाकून.