नकाशावरची वीत

आमच्या आक्काचा युरोपवर राग आहे. तिची मुलगी हेलसिंकीला नोकरी करते आणि जावई लिस्बनला. "एकाच युरोपात राहून नवराबायको वेगळी कशी रे?" हा तिचा प्रश्न. मुलीने नोकरी सोडावी, असे तिने जवळजवळ ठरवूनच टाकले होते. भिंतीवरच्या नकाशात दोन्ही गावांमध्ये वीतभरच अंतर. लिस्बन तर आपल्याला परकेही नाही. १९६१ पर्यंत शेजारच्या गोव्याचा कारभार तिथूनच चालत होता.

शेवटी मी शाळेतला पृथ्वीचा गोल घरी आणला. (मुख्याध्यापकाला एवढी सवलत असते.) सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर रेषा जर्मनीच्या मधोमध जाते. गोलावर दोरा ताणला, की तो फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, डेन्मार्कवरून वर सरकतो आणि त्याचा मध्य ब्रसेल्सजवळ येतो. हाच खरा जवळचा मार्ग, आणि तोही सुमारे ३,३६० किलोमीटर. श्रीनगर ते कन्याकुमारी सरळ रेषेत साधारण २,९०० भरते. आक्काने दोऱ्याकडे दोनदा पाहिले.

पुढचे गणित घड्याळाचे. हेलसिंकीचे घड्याळ लिस्बनच्या दोन तास पुढे. वरच्या थरातले वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात, म्हणून लिस्बनहून जाताना विमानाला साडेचार तास पुरतात, परतताना पाच लागतात. घड्याळात मात्र उलटेच दिसते. शुक्रवारी संध्याकाळी सहाला लिस्बनहून निघालेला माणूस हेलसिंकीत उतरतो तेव्हा तिथे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. रविवारी पाचला परत निघाला, तर लिस्बनला आठलाच पोचतो. म्हणजे जाताना साडेसहा तास गेले आणि येताना तीनच, असे वाटते. विमानतळावर आधी जाऊन बसणे, तिथून घर गाठणे, हे वेगळेच. दोन्ही देश शेंगेन करारातले, त्यामुळे एरवी पासपोर्टच्या रांगेचा त्रास नाही, एवढेच सुख.

पोर्तुगालने १९९२ मध्ये आपले घड्याळ मध्य युरोपाशी जुळवून पाहिले होते. हिवाळ्यात मुले अंधारात शाळेला जाऊ लागली, लोक कुरकुरले आणि १९९६ मध्ये ते पुन्हा मागे घेतले. सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणारे वर्ग रोज पाहणाऱ्या मला त्या लोकांचे म्हणणे पटते.

आक्का बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे जावईबापू महिन्यातून दोनदा काश्मीर-कन्याकुमारी करतात?"

"त्याहून जास्तच."

"आणि जेवतात कधी?"

याचे उत्तर गोलावर नव्हते. त्या रात्री तिने मुलीला फोन लावला. नोकरीचा विषय निघाला नाही. तो उतरतो त्या रात्री गरम काय करून ठेवतेस, एवढेच तिने विचारले, आणि मग कुळथाच्या पिठल्याची कृती सावकाश, दोनदा सांगितली.