अनारसे दुबईला जातात का?

जीपीओच्या घुमटाखाली एक दुपार, एक स्टीलचा डबा आणि एकच प्रश्न... ‘हे चालेल का?’

खरं सांगा, सीएसएमटीला उतरून ऑफिसकडे पळताना तुमच्यापैकी किती जण जीपीओच्या आत गेलेत? बाहेरून बघितलंय सगळ्यांनी. पण आत? मीही कधी गेले नव्हते. आमच्या पिढीला कुरिअर माहीत. मोबाइलवर पिकअप बुक केला, की माणूस दारात हजर. पोस्ट म्हणजे आजोबांचं पेन्शन, असाच आपला हिशोब.

पण मागच्या दिवाळीत जीपीओची पायरी चढावी लागली. कारण आजीचे अनारसे.

त्याचं असं झालं, माझी ताई दुबईत. सातवा महिना लागलेला, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला आणि डोहाळे लागले ते नेमके अनारशांचे! आजी ८१ वर्षांची. उन्हाळ्यात तिचं मनगट फ्रॅक्चर झालं होतं. तरी तिने तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, कुटून गुळात पीठ मळलं. “यंदाचे शेवटचे, पुढच्या वर्षी विकत आणा,” असं जाहीरही केलं. असला डबा ‘ट्रॅकिंग नंबर पाठवतो मॅडम’वाल्यांच्या भरवशावर टाकायचा? नो वे! एकदा पोळले होते. मैत्रिणीला सिडनीला पेढे पाठवायचे होते तेव्हा एका कुरिअरवाल्याने “चालतं हो सगळं” म्हणून डबा घेतला. तिला पेढ्यांऐवजी पत्र मिळालं : तुमचे पेढे नष्ट केले आहेत. दुधाच्या मिठाया ऑस्ट्रेलियात आत जाऊ देत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून यावेळी हाफ डे टाकला आणि डबा घेऊन थेट फोर्ट.

शिवणारे काका

जीपीओच्या बाहेर फुटपाथवर पार्सल शिवणारे बसतात. समोर मांजरपाटाचा तागा, दाभण, सुतळी, लाखेच्या कांड्या, मार्कर. कुणाची पुस्तकं, कुणाचं लोणचं, कुणाचे मुलाला पाठवायचे स्वेटर. कापडात गुंडाळायचं, चारी बाजूंनी टाके घालायचे, लाख वितळवून सील ठोकायचं आणि वर पत्ता. बघतच राहावं असं काम!

मी डबा पुढे केला. काकांनी दाभण उचललंच नाही.

“काय आहे?”

“फराळ. दुबईला.”

“आत विचारून आलात?”

“नाही...”

“मग आधी विचारून या. शिवलेलं उसवायला जास्त वेळ लागतो.”

त्यांचा धंदा टाक्यांचा, आणि तेच म्हणतायत आधी विचारा! डबा उचलला आणि आत गेले.

घुमटाखाली

आत शिरल्यावर पहिलं काय होतं, तर मान वर जाते. डोक्यावर तो प्रचंड घुमट, खाली गोल हॉल, कडेने काउंटर. वास्तुरचनाकार जॉन बेग. काम सुरू झालं १९०४ मध्ये, पूर्ण झालं १९१३ मध्ये. घुमटाची कल्पना विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेली. काळा बसाल्ट, कुर्ल्याचा पिवळा दगड, ध्रांगध्र्याचा पांढरा. शेजारच्या स्टेशनचे फोटो काढायला जगभरातून लोक येतात आणि आपण इथे आत यायला दिवाळीची वाट बघतो!

रांगेत माझ्या पुढे चार जण होते, म्हणून कान उघडे ठेवले. आणि लक्षात आलं, इथे प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतोय.

“परफ्युम चालेल?” नाही. त्यात अल्कोहोल, विमानात पेट घेऊ शकतं.

“नेलपेंट?” तेच कारण. नाही.

“पॉवर बँक?” नाही. लिथियम बॅटरी तापली तर विमानाच्या पोटात आग.

“साडी?” साडी चालते. काउंटरवरच्या मॅडम पहिल्यांदा हसल्या.

ही ‘नाही’ची यादी आजची नाही. १८९८ च्या आपल्या पोस्टाच्या कायद्यात स्फोटक, घाण, अपायकारक वस्तू आणि इजा करू शकणारे जिवंत प्राणी पाठवायला बंदी होती. नीट झाकलेलं नसेल तर धारदार हत्यारही नाही. हा कायदा सव्वाशे वर्षं चालला. २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. देशोदेशींची टपाल खाती १८७४ पासून एका संघात आहेत, भारत त्यात १८७६ मध्ये सामील झाला. त्या संघाच्या नियमांत जिवंत प्राण्यांना मनाई असली तरी मधमाश्या, जळवा आणि रेशमाचे किडे यांना सूट आहे. म्हणजे जळू जाऊ शकते, पॉवर बँक नाही. सॉलिड ना?

आणि कुणी विचारलंच नाही, तर काय होतं? अमेरिकेत पार्सल पोस्ट सुरू झालं १९१३ मध्ये, म्हणजे हा घुमट पूर्ण झाला त्याच वर्षी. तेव्हा काही आईबापांनी चक्क मुलं पोस्टाने पाठवली! १९१४ मध्ये आयडाहोत सहा वर्षंही पूर्ण न झालेल्या एका मुलीच्या कोटाला ५३ सेंटची तिकिटं लावून तिला टपालाच्या डब्यातून आजीकडे धाडलं. आजीकडे ती सुखरूप पोचली, पण त्यानंतर माणसं पाठवायला मनाई झाली. यादी अशीच लांबत जाते, एकेका अनुभवाने.

‘खसखस लावलीय?’

माझा नंबर आला.

“काय काय आहे?”

चकली, शंकरपाळे, चिवडा... कशावरच बोट नाही. “आणि अनारसे,” मी म्हटलं.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. “खसखस लावलीय?”

लावलीय म्हणजे काय! खसखशीशिवाय अनारसा असतो का?

“मग दुबईला नाही. तिकडे खसखस बंद आहे.”

मला वाटलं, मस्करी करतायत. पण नाही. खसखस हे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडेही ही शेती सरकारी परवान्यानेच होते, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात. बी काही नशेचं नसतं, पण अफूचा अंश त्याला चिकटलेला राहू शकतो. संयुक्त अरब अमिरातीत म्हणूनच ती बंदी असलेल्या पदार्थांमध्ये येते. आपल्या किराणा दुकानात बरणीत दिसणारी खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात जाते!

आता मनात आलं ते लपवत नाही. फॉर्मवर ‘बिस्किटं’ लिहिलं तर? कोण उघडून बघतंय?

मॅडमनी बहुतेक चेहरा वाचला. आवाज न चढवता म्हणाल्या, “बघा, पार्सलवर तुमचंही नाव असतं, पण तुम्ही इथे असता. तिकडे सही करून घेणार कोण?”

ताई. सात महिन्यांची गरोदर ताई.

तोपर्यंत मला ‘चालेल का?’ हा प्रश्न सरकारी कटकट वाटत होता. चूक आपली, आणि दारात उभं राहून उत्तर द्यायचं तिने? डबा पिशवीत घातला आणि हॉलच्या कडेला उभी राहून आजीला फोन लावला.

“अगं, खसखस काय गांजा आहे?” आजी भडकली. मी सगळं समजावलं. मग बराच वेळ नुसता कढईचा आवाज. शेवटी म्हणाली, “पोरीला त्रास नको. तीळ लावते.”

दुसरी फेरी

तीन दिवसांनी परत तीच रांग, तोच घुमट. या वेळी तिळाचे अनारसे, मोजून एकवीस. कस्टम्सच्या फॉर्मवर प्रत्येक पदार्थाचं नाव, वजन, किंमत. बाहेर काकांनी विचारलं, “विचारलंत?” मी हो म्हटल्यावर दाभण उचललं. टाके पडले, लाख वितळली, सील बसलं. खसखशीचे दोन अनारसे मी त्यांच्या हातावर ठेवले. ते तर मुंबईत चालतातच!

रांगेतल्या एका बाईंचा मुलगा न्यू जर्सीत. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने कस्टम्सचे नियम बदलले आणि आपल्याकडून तिकडे जाणारी पार्सलं थांबली. ती सुरू झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळी अगदी दारात आलेली असताना. गेल्या वर्षी जे चाललं ते यंदा चालेलच असं नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? यंदा त्या दोनदा विचारायला आल्या होत्या.

ताईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिच्या तोंडात अनारसा होता. “तिळाचे पण मस्त लागतात गं! पण माझे खसखशीचे राहिले हां आजीकडे.”

आजीने फोन माझ्या हातातून घेतला आणि फ्रिज उघडून कॅमेऱ्यासमोर एक डबा धरला. त्यात अनारशाच्या पिठाचा गोळा. “हे टिकतं. तू बाळाला घेऊन ये, मग तळते.”

‘यंदाचे शेवटचे’ कुणी म्हटलं होतं, ते आम्ही कुणीच तिला विचारलं नाही.

पाठवण्याआधी...

• प्रश्न तीन ठिकाणचे असतात : पोस्टाला चालतं का, विमानाला चालतं का आणि त्या देशाला चालतं का. तिन्हीकडे ‘हो’ हवं.

• ज्वालाग्राही म्हणजे फक्त फटाके नव्हेत. परफ्युम, नेलपेंट, डिओचे स्प्रेही त्यातच.

• पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या घरीच ठेवा.

• ऑस्ट्रेलियाला पेढे-बर्फी नको, अमिरातीला खसखस नको. मसाल्याच्या पुडीतली खसखसही मोजली जाते, घटक वाचा.

• फॉर्मवर नुसतं ‘गिफ्ट’ किंवा ‘फराळ’ लिहू नका. एकेक पदार्थ लिहा.

• आणि पार्सल शिवायच्या आधी विचारा!