वेळासची पिल्ले

मार्चमध्ये मुलांना घेऊन मंडणगड तालुक्यातील वेळासला गेलो. फज्रनंतर लगेच किनारा गाठला. कार्यकर्त्यांनी कुंपणातील टोपली उचलली आणि ऑलिव्ह रिडले कासवाची तळहाताहून लहान पिल्ले दिसली. अंडी वाळूत उबायला सुमारे ५० दिवस लागतात. आई तर अंडी घालून लगेच समुद्रात परतते. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून फ्लॅश बंद, दोरीपलीकडे पाऊल नाही. तरी मोबाइल पुढे सरकवत धक्काबुक्की चाललीच होती, तीही मोठ्यांची! माझ्या वर्गातली मुले बरी. धाकटीने वाळूत बसून पिल्लांच्या पावलांच्या नक्षीचे फोटो काढले. तेच सर्वांत सुंदर आले. शेवटचे पिल्लू लाटेने दोनदा मागे फेकले. तिसऱ्या लाटेबरोबर ते दिसेनासे झाले.